पाणंदीवरचे दिवे

२ ऑक्टोबर २००२, बुधवार

दिवे! पाणंदीला दिवे लावणार! आणि तेही म्हणे बायकांच्या रक्षणासाठी!

ग्रामसभेत एकमतानं मंजूर. मागच्या आठवड्यात धोंडाबाईचं मेंढरू बिबट्यानं उसात ओढून नेलं, तेव्हापासून गावात दुसरा विषय नाही. सरपंच सावळेराम उभा राहिला, खाकरला, म्हणाला, "आपल्या माताभगिनी पहाटच्या अन् दिवेलागणीला पाणंदीनं जात्यात. त्यांच्या जिवाला धोका हाय. म्हणून गावापासून ओढ्यापातुर खांब अन् ट्यूबलाइटी!" टाळ्या.

आता माताभगिनी पाणंदीनं जातात कशाला, ते मात्र कुणी बोलेना. पाणंदीच्या दोन्ही अंगांची बाभळीची झुडपं हीच आम्हा बायकांची गोदरी. आजेसासूच्याही आधीपासून. पुरुषांची सोय नदीकडं, आमची इकडं. अंधार पडला की टमरेल घेऊन निघायचं, पहाटे उजाडायच्या आत परतायचं. मध्येच कुणी गडीमाणूस वाटेनं आला, गाडीचा उजेड पडला, की सगळ्याजणी उठून उभ्या. तोंडं फिरवून. तो जाईपर्यंत. हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक. सभेतल्या एवढ्या मिश्यांना ठाऊक नाही? आहे की. पण चारचौघांत बोलायचं कुणी!

धोंडाबाई माझ्या मागं बसलेली. मेंढरं वळण्यात जन्म गेला, तिला ना भीड ना मुरवत. सारखी चिमटे काढत होती — "बोल की गं मेंबरीण! तुला काय शोभेला बसिवलीया?"

शोभेलाच बसवली आहे, बाई. बायकांची जागा राखीव झाली तेव्हा भैरवनाथाच्या देवळात मला बिनविरोध ठरवली. का? तर मॅट्रिक आहे, अक्षर चांगलं आहे, आणि आवाज नाही.

पुढच्या रांगेत मामंजी. काठीवर हनुवटी टेकून. मी पदर पुढं ओढला आणि उठले. "पाणंदीला दिवे नकोत."

सगळ्या टोप्या मागं वळल्या. सावळेराम म्हणाला, "का वं वैनी?"

का! सासऱ्याच्या पाठीकडं बघत काय सांगू? तोंडातून निघालं, "डोळ्यांना त्रास होतो."

सभा खदखदून हसली. ग्रामसेवकानं लिहून घेतलं — सदर ठरावास महिला सदस्यांनी अनुमोदन दिले. खाली सही माझी. चांगल्या अक्षरात.

७ ऑक्टोबर, सोमवार

घट बसले. नऊ दिवस उपास. तेवढीच धान्याची बचत, असं मनात आलं. देवी, माफ कर.

ही डायरी पतसंस्थेची, २००१ची. कोरी राहिली होती, वार खोडून वापरते आहे. मागच्या पानांवर दूध, तेल, रॉकेल. पुढच्या पानांवर गावचा कारभार. मागची बाजू तेवढी जुळते.

१६ ऑक्टोबर, बुधवार

खांब रोवले. खड्डे खणणाऱ्यांना चहा आमच्याच घरून गेला. दुसऱ्यांदा उकळलेल्या पत्तीचा दिला. एवढाच माझा निषेध.

२० ऑक्टोबर, रविवार

आज जे झालं ते लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

दिव्यांचं उद्घाटन चार वाजता होतं. बटण दाबायला तालुक्यातले एक पुढारी साहेब येणार होते. साहेब चारला येणार म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक. पाच वाजले, सहा वाजले. पाटावर ठेवलेला नारळसुद्धा कंटाळला. अंधार पडला तशा आम्ही बायका आपापली टमरेलं घेऊन नेहमीच्या वाटेला लागलो. पोटाला काय साहेबाची वाट बघायला सांगायचं?

आणि आम्ही बसलेल्या असताना साहेब आले. तिकडं शाळेपाशी बटण दाबलं. इकडं सगळी पाणंद लख्ख! सूर्य उगवल्यासारखी! आम्ही ताडकन् उठलो. या झुडपामागून एक, त्या झुडपामागून दोन. इतक्यात साहेबांची जीप दिवे बघायला पाणंदीनंच आली, हळूहळू. दोन्ही बाजूंना बायकाच बायका. खाली माना घालून उभ्या.

साहेबांना भरूनच आलं. जीपमध्ये उभे राहिले, डावीकडं नमस्कार, उजवीकडं नमस्कार, पार ओढ्यापर्यंत!

धोंडाबाईनं टमरेल खाली ठेवलं आणि हात जोडले. नंतर म्हणते, "येवढा मोठा मानूस नमस्कार करतोय, मग आपून काय तसंच ऱ्हायाचं व्हय?"

२२ ऑक्टोबर, मंगळवार

पेपरात आलं. ह्यांनी ओसरीवर बसून मोठ्यानं वाचलं — "महिलांनी रस्त्याच्या दुतर्फा उभे राहून मान्यवरांचे उत्स्फूर्त स्वागत केले."

उत्स्फूर्त हे मात्र खरं! मी चुलीपुढं भाकरी थापत होते. हसू दाबता दाबता भाकरीला भोक पडलं. हे म्हणाले, "काय झालं गं?" म्हटलं, धूर गेला डोळ्यात.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

संकष्टी. ओझरला जाऊन आले. जाताना एस.टी., येताना चालत, तेवढंच एक तिकीट वाचलं. विघ्नहर्त्यापुढं उभी राहिले. बायका संतती मागतात, आरोग्य मागतात. मी हात जोडून म्हटलं, बाप्पा, भारनियमन वाढव.

खरंच. लाइट गेली की गडी शिव्या देतात. मोटार बंद पडते, ऊस वाळतो. आम्ही मात्र "गेली! गेली!" म्हणत टमरेलं उचलतो. बोर्डाचं वेळापत्रक गावातल्या अडाणी बाईलाही तोंडपाठ आहे.

पण बोर्ड काय रोज आपल्या सोयीनं लाइट घालवतं? मग जायचं कुठं? तर उसात. आणखी कुठं! दिवे बिबट्यासाठी लावले. बिबट्या उजेडाला भिऊन उसात गेला, आणि आम्हीही उजेडाला भिऊन उसातच. आता आमची गोदरी एकच.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवाळी आटपली. मुलगा चाकणच्या कंपनीत परत गेला, अश्विनीला इथं ठेवून. सुनेला सातवा महिना लागला. तिची आई नाही, म्हणून बाळंतपण आपल्याकडंच. पोर गुणी आहे. नारायणगावात वाढलेली, घरात संडास असलेल्या घरातली. पहिल्या दिवशी मी तिला टमरेल दिलं तेव्हा तिनं ते असं धरलं, जसं काय मी तिच्या हातात साप दिला.

१३ नोव्हेंबर, बुधवार

मी रोज अश्विनीच्या उशाशी तांब्या भरून ठेवते. सकाळी बघते तर तसाच. काल भरलेला, आजही भरलेला. विचारलं, "पाणी का पीत नाहीस गं?"

"तहान नाही लागत, आई."

सातव्या महिन्यात तहान लागत नाही? मी काय आज जन्मले? पाणी प्यायलं की जावं लागतं. म्हणून पीत नाही. ताकाला नको म्हणते, आमटी वाढली की भाताच्या कडेला थांबवते.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार. कार्तिकी एकादशी

अश्विनीला ताप. लघवीला आग. नारायणगावच्या डॉक्टरीणबाई माझ्यावरच रागावल्या, "अडवून धरते ती! हे असंच चाललं तर दिवस भरायच्या आत बाळंत होईल. पाणी पाजा तिला, आणि जायची सोय करा." पाणी पाजीन हो. सोय कुठून करू?

घरी येऊन ह्यांच्याकडं विषय काढला. ह्यांनी नेहमीप्रमाणं मामंजींकडं बघितलं. मामंजी म्हणाले, "कुठं बांधायचा? परड्यात जागा ती येवढीच. देवघराच्या भिंतीला लागून? देवाच्या पाठीला संडास?"

गेल्या साली सरकारी योजनेतून संडास मिळत होता तेव्हा हेच वाक्य मी बोलले होते. शब्दनशब्द. मामंजींनी माझंच मला ऐकवलं. आणि वर, "सूनबाई, हरिपाठ तू म्हनतीस का मी?"

२१ नोव्हेंबर, गुरुवार

मासिक सभा. पंचायतीला निधी आलाय. त्यातून एकच काम होणार. पत्रिकेवर विषय एकच — भैरवनाथासमोर सभामंडप. हा सभामंडप व्हावा म्हणून नवस बोललेली मी. श्रावणात घरोघर फिरून वर्गणी मागितलेली मी. आज मीच उठले आणि म्हटलं, "सभामंडप पुढच्या वर्षी. आधी बायकांसाठी संडास."

एक मेंबर तंबाखू मळायचा थांबला.

सावळेराम म्हणाला, "वैनी, तुमी धार्मिक मानूस. देव अन् संडास येका वळीत घेता व्हय?"

"देवाला मंडप नसला तरी तो भिजत नाही, भाऊ. माझी सून पाणी पीत नाही."

मग सावळेरामानं तोड काढली. आवाज असा, जसं काय काल रात्री देवच त्याच्या स्वप्नात आला होता — "आपून कशाला भांडायचं? कौल लावू. देव म्हनंल तसं."

सगळ्यांचे चेहरे उजळले. गावात जो निर्णय कुणाला घ्यायचा नसतो तो देवावर टाकतात. मीही हो म्हटलं. माझा भैरवनाथावर विश्वास आहे. लेकीबाळींचं गाऱ्हाणं त्याला नाही तर कुणाला कळणार?

२४ नोव्हेंबर, रविवार

सकाळपासून निर्जळी उपास केला. ओल्या लुगड्यानं पाच प्रदक्षिणा घातल्या. देवा, तुझ्या मंडपाची मी राहिलेली वर्गणी पदरमोड करून भरीन, पण आज डावा कौल दे.

देऊळ माणसांनी गच्च. कुशाबा गुरवानं देवाचे दोन्ही खांदे ओले करून दोन्हींवर झेंडूची एकेक पाकळी चिकटवली. उजवी पडली तर सभामंडप. डावी पडली तर "ते". देवळात त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही म्हणून "ते". कुशाबानं गाऱ्हाणं घातलं. "बा भैरवनाथा, उजवं का ते, काय ते सांग."

उजवी पडली. लगेच! दोन श्वाससुद्धा झाले नाहीत.

"नाथसायबाच्या नावानं चांगभलं!" सगळं देऊळ दणाणलं. मामंजींनी डोळे पुसले.

मी मान वर केली. देवाच्या उजव्या अंगाला भिंतीवर पंखा. सावळेरामाच्या वडलांच्या स्मरणार्थ. एरवी उकाड्यात माणसं मेली तरी तो लावत नाहीत. आज थंडीच्या दिवसांत गरगर फिरत होता!

परत येताना धोंडाबाई म्हणाली, "देवानं आपल्याच घराला मत दिलं बग. सावळेराम तरी दुसरं काय करतो?"

मी तिला गप्प केलं. पण हसू आलं. आणि मग रडू.

२५ नोव्हेंबर, सोमवार

आज देवळात गेले नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. घरच्या घरी दिवा लावला, पण बोलले नाही त्याच्याशी.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

आत्ता कुठं लिहायला बसले.

पहाटे अश्विनीला घेऊन उसाच्या कडेला गेले. माझ्या हातात बॅटरी, पण बंद. सेल संपतात. ती चार पावलं आत, मी बांधावर बसलेली. एकदम कुत्री गप्प झाली. मग उग्र वास. बॅटरी लावली, तर समोरच्या सरीत तो. बसलेला. डोळे लागलेले माझ्याकडं.

आणि मी काय केलं? ओरडले? पळाले? नाही. मी उठून उभी राहिले. पदर सावरला, तोंड फिरवलं. सवय! तो गडीमाणूस असल्यासारखी!

तो काही क्षण बघत राहिला असेल. मग ऊस सळसळला आणि गेला. अश्विनीनं मात्र त्याला पाठमोरा पाहिला. किंचाळली, पळाली, बांधावरून पोटावरच पडली असती, हात टेकले म्हणून वाचली. पाय मुरगळला. परत नारायणगाव. बाळ सुखरूप आहे. डॉक्टरीणबाईंनी ठोके ऐकवले तिला. मला नाही ऐकवले. माझ्याकडं नुसतं बघितलं.

गावात बातमी — "बिबट्याला वैनींनी नजरेनं पळवला." सावळेराम घरी येऊन गेला. म्हणाला, "उसाच्या कडंनंबी दिवे लावू."

२ डिसेंबर, सोमवार

धोंडाबाई आली होती, लंगडणाऱ्या अश्विनीला चोळायला तेल घेऊन. मी तिला खरं सांगितलं, उठून उभी राहिले ते. ती पोट धरून हसली. हसता हसता एकदम थांबली.

"आगं, वाघाला उठलीस?"

"आपोआप उठले गं."

"तेच तर म्हनते. आपून उठतो म्हनून त्यास्नी वाटंनं जाता येतं. आपून मान खाली घालतो म्हनून त्यास्नी काय दिसत न्हाई. अन् दिसत न्हाई म्हनून सभेत बोलाया लागत न्हाई." तेलाचा हात पुसला. "उजेड त्यांनीच दिलाय न्हवं? मग उजेडातच बसायचं. अन् उठायचं न्हाई."

मी म्हटलं, "काहीतरीच!" अश्विनी भिंतीकडं तोंड करून कुशीवर पडलेली होती, तिचे खांदे हलत होते. वाटलं रडतेय. हसत होती पोर! आल्यापासून पहिल्यांदा.

४ डिसेंबर, बुधवार

गिरणीवर दळण टाकता टाकता निरोप फिरला. सगळ्या हो म्हणाल्या. संध्याकाळी गेलो. दुधाची मोटरसायकल आली. सगळ्या उठल्या. सगळ्यात आधी मी!

धोंडाबाई थुंकली फक्त.

८ डिसेंबर, रविवार

आज पुन्हा.

लाइट होती. सगळ्या ट्यूबा जळत होत्या. झुडपाआड कुणी गेलं नाही. वाटेच्या दोन्ही कडांना, खांबांच्या खाली, ओळीनं. गावातल्या निम्म्या बायका. थोरल्या घरच्या, मेंढपाळांच्या, परवा लग्न होऊन आलेल्या दोघीसुद्धा. अश्विनी माझ्या खांद्याला धरून. मी तोंडानं रामरक्षा म्हणत होते. अशा ठिकाणी म्हणू नये, ठाऊक आहे. पण भीती वाटते तिथंच म्हणायची ना?

ओढ्याकडून उजेड आला. जीप. सावळेरामाची. जुन्नरहून सभामंडपाच्या फरशीचा नमुना घेऊन येत होते. चालवायला सावळेराम, शेजारी मामंजी, मागं कुशाबा गुरव आणि आमचे हे. उजेड अंगावर आला. माझे गुडघे आपोआप सरळ व्हायला लागले. काय करू, चाळीस वर्षांचे गुडघे आहेत. अर्धी उठलेच होते —

खांद्यावर धोंडाबाईचा पंजा पडला. "बस खाली! वाघ न्हाई त्यो!"

बसले.

कुणीच उठलं नाही. एकही नाही. मान खाली घालायची, तर तीही घातली नाही. जीप थांबली. हॉर्न वाजला, एकदाच, तोही अर्धवट. मग जीपचे दिवे विझले. पण ट्यूबा कशा विझणार? त्या त्यांनीच लावलेल्या! काचेतून मला मामंजी दिसले आणि त्यांना मी. एवढ्या वर्षांत मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिलेला नाही. त्यांनी दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले.

जीप मागं सरकायला लागली. वळायला जागा नाही पाणंदीला. तशीच उलटी, वाकडीतिकडी, पार ओढ्यापर्यंत.

आधी अश्विनी फसकन् हसली. मग सगळी पाणंद.

रात्री मामंजी जेवले नाहीत. ह्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मी दोघांची ताटं झाकून ठेवली. अन्न वाया घालवायचं नाही.

९ डिसेंबर, सोमवार

पंचायतीचा शिपाई तातडीच्या सभेची नोटीस देऊन गेला. विषय एकच. विषयाच्या जागी नुसतं — "ते".

पहाटे परड्यात खरखर ऐकू आली. बघितलं तर मामंजी. देवघराच्या भिंतीला लागून काठीनं मातीत चौकोन आखत होते. मला बघून थांबले नाहीत.

आत येऊन तांब्या भरला. अश्विनी उठून बसली, खिडकीतून काठीचा आवाज ऐकला, आणि सगळा तांब्या प्यायली. मग म्हणाली, "आई, अजून आहे का?"